चेहऱ्यापायी ओठ: एका भिंगाची कहाणी

मित्रांनो, माझ्यापुढे लाजायचं कारण नाही. मी एक जुनं भिंग आहे. आरसा माणसाला खूश करतो नाहीतर रडवतो, त्याला तेवढंच येतं. मी जे आहे ते मोठं करून दाखवतो आणि गप्प बसतो.

सध्या माझा मुक्काम एका कपाटावर आहे. शेजारी बंद पडलेला पंखा आणि 'कधीतरी लागतील' म्हणून जपलेल्या रिकाम्या बरण्या. ज्या त्वचेच्या डॉक्टरांकडे मी उभी हयात काढली ते आता निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्चीवर त्यांची सून बसते. तिच्याकडे कॅमेरा आहे. रोग्याचं नाक पडद्यावर दाराएवढं दिसतं. चांगलंच आहे की! फक्त रोगी पडद्याकडे बघतो, सूनबाईही पडद्याकडेच बघतात, मग एकमेकांकडे कोण बघतं, हे विचारायला मी तिथे नाही.

माझा जन्म वाळूतून झाला. भट्टीत वितळलो, साच्यात थंड झालो, तेव्हा मी नुसती काचेची जाड चकती होतो. मग एका कारागिराने मला लोखंडी वाटीत घालून बारीक भुकटीने घासायला घेतलं. आधी खरखरीत भुकटी, मग मऊ, मग त्याहून मऊ. घासताना तो माझ्याशी बोलत असे, आणि बोलण्यात शिव्याच जास्त. शेवटी त्याने मला उचललं आणि स्वतःचा अंगठा माझ्याखाली धरला. अंगठ्यावरच्या रेषा नांगरलेल्या शेतासारख्या दिसल्या. "झालास," एवढंच तो म्हणाला. आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी.

पुढे माझ्याभोवती गोल दिवा बसला, मला वाकणारा लोखंडी हात मिळाला आणि मी डॉक्टरांच्या टेबलाला जोडला गेलो. तेव्हा त्यांचा दवाखाना नवा होता आणि डोक्यावर केसही होते.

डॉक्टरांची एक खोड होती. रोगी समोर बसला, की ते मला आधी स्वतःच्या तोंडासमोर ओढत आणि म्हणत, "आधी तुम्ही मला बघा. मग मी तुम्हाला बघतो."

त्यांच्या गालांवर तरुणपणीच्या मुरुमांचे खड्डे होते, अगदी पाऊस पडून गेलेल्या अंगणासारखे. रोगी संकोचून बघे आणि विचारे, "डॉक्टर, तुम्हालाही?"

"मला? अहो, आमच्या लग्नात नवरीपेक्षा माझाच चेहरा जास्त लाल होता!"

झालं. समोरचा हसला, की अर्धं काम तिथेच उरकलं. मग ते मला रोग्याकडे वळवत आणि पहिला प्रश्न विचारत, "काल दिवसभरात काय खाल्लंत?" ह्या प्रश्नावर माणसं जेवढं खोटं बोलतात तेवढं ती लग्न जुळवतानाही बोलत नसतील. गोड खाणारा म्हणे, "मी गोडाला शिवतसुद्धा नाही." त्याच्या मिशीला चिकटलेली साखर मला दिसे. मी कधी बोललो नाही.

चेहऱ्यांचा माझा हिशेब पक्का आहे. एक शिंपी आले होते, तळहात नारिंगी झाले म्हणून घाबरलेले. कावीळच झाली असं धरून त्यांनी मुलाबाळांना निरोपही सांगून ठेवले होते. डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांतला पांढरा भाग माझ्यातून पाहिला, तो होता स्वच्छ पांढरा. चौकशी केली तेव्हा कळलं, दृष्टी चांगली राहावी म्हणून शिंपीबुवा सकाळ-संध्याकाळ गाजरंच चघळत होते. "गाजर कमी करा, रंग आपोआप उतरेल," डॉक्टर म्हणाले. शिंपीबुवांचं तोंड पडलं. एवढा मोठा रोग आणि त्याचं नाव गाजर!

आणि एक एकटे राहणारे घड्याळजी होते. पायांवर केसांच्या मुळाशी लाल ठिपके, हिरड्यांतून रक्त. त्यांचं जेवण म्हणजे चहा आणि बिस्किटं, बायको गेल्यापासून रोज तेच. फळ, भाजी ह्यांना त्यांच्या घराचा पत्ताच माहीत नव्हता. 'क' जीवनसत्त्व संपलं की कातडी अशी आतून उसवते. डॉक्टरांनी औषध दिलं, आणि आपल्या डब्यातला पेरू फोडून त्यांच्या हातावर ठेवला. ते दोघं पेरू खात बसले आणि बाहेर रांग वाढत गेली.

तर मित्रांनो, जीवनसत्त्व नसलं की काय होतं ते मी पाहिलं होतं. मायेच्या पुरात ते नको इतकं झालं तर काय होतं, ते मला चिऊने दाखवलं.

चिऊ म्हणजे कॉलेजात जाणारी मुलगी. घरचं लाडाचं नाव चिऊ, आणि वाजवायची बासरी. शहराच्या वाद्यवृंदात एका बासरीवाल्याची जागा रिकामी झाली होती आणि तिची निवड चाचणी दोन-तीन महिन्यांवर आली होती. ती जागा मिळाली तर चिऊ बासरीतच पुढे जाणार. नाही मिळाली तर काकांच्या कचेरीत चिकटायचं, असं घरात ठरून गेलं होतं.

आईबरोबर ती पहिल्यांदा आली तेव्हा कपाळावर आणि हनुवटीवर थोडे मुरूम होते. त्या वयात असतात तेवढेच. पण आईचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"डॉक्टर, परीक्षकांसमोर उभं राहायचंय हिला. असं तोंड घेऊन?"

"आई!" चिऊ पुटपुटली.

डॉक्टरांनी आपली खोड पार पाडली, चिऊ थोडी हसली. मग त्यांनी विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे?"

"छे हो," आई म्हणाली. "औषधाचं नावसुद्धा नको आमच्या घरात."

डॉक्टरांनी लावायला मलम दिलं, तोंड सारखं धुऊ नकोस, नखं लावू नकोस, असं बजावलं आणि महिन्याने बोलावलं.

महिन्याने ती आली ती रुमालाने अर्धं तोंड झाकून. रुमाल उतरला आणि मला वाटलं, आपल्यावर धूळ बसली असावी. गाल, कपाळ, हनुवटी, सगळीकडे बारीक लाल पुळ्या, आणि त्या सगळ्या सारख्याच. एरवीच्या मुरुमांचा संसार असतो. कोणी थोरला, कोणी धाकटा, कोणी पिकलेला, कोणी वाळलेला. ह्या मात्र एकाच दिवशी, एकाच मापाने शिवलेल्या गणवेशासारख्या. आणि ओठ! दोन्ही कोपरे चिरलेले, खालच्या ओठाची सालं निघालेली.

"मलम ओठांना लावलंस का?"

"नाही."

"वाजवतेस?"

चिऊच्या डोळ्यांत पाणी आलं. "फुंकर घातली की ओठ फाटतो. बासरीच्या कडेला रक्त लागतं. आणि डोकं दुखतं सारखं." थोडं थांबून ती म्हणाली, "मी नाव काढून घेणार आहे, डॉक्टर. अर्ज मागे घेते."

"वेडी का तू?" आई म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

"खातेस काय?" डॉक्टरांनी विचारलं.

इथे जी यादी बाहेर आली ती न खाण्याची होती. शेजारच्या मावशींनी सांगितलं, दूध बंद कर, म्हणून दूध बंद. मैत्रिणीने सांगितलं, शेंगदाणे उष्ण, म्हणून शेंगदाणे बंद. कुणी अंडं बंद करायला लावलं, कुणी तेल. वाण्याने तर बटाटासुद्धा बंद करायला सांगितला होता, आणि तो स्वतः बटाटे विकत होता! उरली ती उकडलेली दुधी भोपळ्याची फोड आणि कोमट पाणी.

डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. मला आजूबाजूला हलवत ते बराच वेळ त्या पुळ्या बघत राहिले. त्यांना काहीतरी खटकत होतं, पण नेमकं काय ते सापडत नव्हतं. शेवटी म्हणाले, "पुढच्या वेळी एक करा. घरात हिच्या पोटात जे जे जातं, औषध असो की नसो, सगळं पिशवीत घालून आणा. मीठसुद्धा सोडू नका. आणि देणारे जे जे असतील त्यांनाही आणा."

दोन दिवसांनी अख्खं घर आलं. आई, आत्या आणि आजोबा. चिऊचे वडील कामानिमित्त परगावी असत, नाहीतर तेही आले असते. आईने पिशवीतून मीठ, साखर, तेलाची बाटली असं एकेक काढून टेबलावर मांडलं. किराण्याचं दुकानच झालं.

"एवढंच?"

"एवढंच."

डॉक्टरांनी चिऊकडे पाहिलं. चिऊने आत्याकडे. आत्याने छताकडे.

मग आत्याने पर्स उघडली आणि एक बाटली बाहेर काढली. "हे काही औषध नाही हां. जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत, 'अ' जीवनसत्त्वाच्या. खास त्वचेसाठी. आमच्या ऑफिसातल्या बाई घेतात, त्यांचा चेहरा बघा एकदा, काच आहे काच!"

"वन्सं!" आई उडालीच. "तुम्ही कधीपासून देताय?"

"तुम्हाला वेळ असतो का वहिनी? कुणीतरी बघायला नको पोरीकडे?"

"मला वेळ नसतो? मग ह्या कोण देतं?" आईने कनवटीच्या पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर आपटली. "बी ट्वेल्व्ह. चांगल्या जोरदार आणल्यात, डबल पॉवरच्या. पोरगी दमलेली दिसत होती."

"आई, तूच तर म्हणाली होतीस दुसरं काही औषध नाही म्हणून," चिऊ म्हणाली.

"अगं, ते औषध थोडंच आहे? ताकदीचं आहे ते!"

आता खोकला आला तो आजोबांना. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली काढली आणि हळूच मिठाच्या पुड्यामागे ठेवली. माशाच्या यकृताचं तेल. दवाखान्यात दरवळ सुटला.

"बाबा, तुम्हीसुद्धा?" आत्या ओरडली.

"मग? लहानपणी आम्हाला नाक धरून पाजायचे. त्यावरच उभे आहोत अजून. रोज एक मोठा चमचा देतो. कधी दोन."

"आणि तू?" डॉक्टर चिऊला म्हणाले. "तू कुणालाच काही बोलली नाहीस?"

"प्रत्येक जण म्हणायचा, बाकीच्यांना सांगू नकोस, उगीच वाद होतील. मी सगळ्यांचंच ऐकलं."

मित्रांनो, उभ्या आयुष्यात मी चेहऱ्यांवरचे डाग पाहिले, पण तीन चेहरे एकाच क्षणी इतके उतरलेले पहिल्यांदाच पाहिले. ताट रिकामं होत गेलं होतं आणि चमचा भरत गेला होता, आणि तो चमचा तीन हातांत होता.

डॉक्टरांनी मला मुलीच्या चेहऱ्यावरून उचलून त्या बाटल्यांवर आणलं. लेबलावरची अक्षरं मुंगीच्या पावलांएवढी होती. त्यांनी ती सगळ्यांना वाचायला लावली.

"हे बघा आत्याबाई. तुमच्या गोळीत 'अ' जीवनसत्त्व आणि आजोबांच्या तेलातही 'अ' जीवनसत्त्व. कपडे वेगळे, पाहुणा एकच. काही जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, जास्तीची बहुतेक शरीर बाहेर टाकतं. हा पाहुणा तसा नाही. तो यकृतात मुक्काम ठोकतो. दोन्हीकडून रोज येत राहिला की ओठ फाटतात, कातडी सुकते, डोकं दुखतं, केस गळतात. आणखी चाललं असतं तर यकृतालाही त्रास झाला असता."

"आणि माझं?" आईने घाबरत विचारलं.

"बी ट्वेल्व्ह ज्याला कमी आहे त्याला द्यायलाच हवं. हिला कमी होतं की नाही ते कुणी तपासलं? एवढ्या जोराच्या मात्रेने काहींच्या चेहऱ्यावर अशाच सारख्या पुळ्या उठतात. सगळ्यांच्या नाही, काहींच्या. मला शंका आहे ती त्याचीच. बंद केल्यावर कळेल."

आजोबांनी आपली बाटली परत वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली. "म्हणजे मी नातीला विष पाजलं?"

"विष नाही हो, आजोबा. माया पाजलीत. मात्रा चुकली." मग डॉक्टर आपल्याच गालावरून हात फिरवत म्हणाले, "माझंही चुकलंच. मी विचारलं, औषध चालू आहे का. विचारायला हवं होतं, काय काय गिळतेस."

आत्या अजून लढत होती. "पण डॉक्टर, हे सगळं केलं ते तिच्या चाचणीसाठी! परीक्षकांनी पोरीचा चेहरा बघितला तर..."

"परीक्षक बघणारच नाहीयेत," चिऊ म्हणाली.

"म्हणजे?"

"मध्ये पडदा असतो. वाजवणारा दिसू नये म्हणूनच असतो तो. ते फक्त ऐकतात."

आईने आत्याकडे पाहिलं. आत्याने परत छताकडे.

"मग मेले, आधी नाही का सांगायचं!" आत्या म्हणाली.

"मला कुणी विचारलं?" चिऊचा आवाज चढला. मग तो एकदम उतरला. "आणि आत्या, पडद्यापर्यंत चालत जावं लागतं. रस्त्यावर पडदा नसतो. मलाही नको होते हे मुरूम. म्हणून तर सगळं गिळत गेले."

आत्याने आपली गोळ्यांची बाटली स्वतःच डॉक्टरांकडे सरकवली.

डॉक्टरांनी तिन्ही बाटल्या-पट्ट्या बाजूला केल्या. "हे सगळं आजपासून बंद. ताट परत भरा. भाजी, फळ, डाळ, अंडं, मूठभर शेंगदाणे, भाजीला तेल. दुधाने किंवा गोडाने काहींचे मुरूम वाढतात हे खरं. तुझे वाढतात का, ते तूच सावकाश बघ. एका वेळी एकच गोष्ट कमी कर, पाच नव्हे. ओठांना साधं मलम. रक्त तपासून घेऊ. आणि ओठ मिटेपर्यंत बासरीला हात लावायचा नाही."

"चाचणीपर्यंत बरे होतील?"

डॉक्टर खोटं बोलले नाहीत. "माहीत नाही, पोरी. आत साठलेलं सावकाश उतरतं. पण आज अर्ज मागे घेऊ नकोस. मागे घ्यायला शेवटचा दिवस असतोच की."

पुढचे आठवडे मी तिला दर खेपेला पाहिलं. आधी डोकेदुखी गेली. मग खालच्या ओठाची सालं थांबली. कोपऱ्यांच्या चिरा मात्र हट्टी. भरल्या असं वाटे, आणि जांभई आली की उलत. एकदा चिऊ म्हणाली, "झोपेतसुद्धा जपून जांभई देते." पुळ्या हळूहळू बसल्या. थोडे नेहमीचे मुरूम उरले आणि काही तपकिरी डाग. घरची तिघं पाळीपाळीने येत आणि एकमेकांसमोर डॉक्टरांना सांगत, आज तिने काय काय खाल्लं. आता लपवायला कुणाकडे काही नव्हतं, त्यामुळे भांडणं मात्र उघड्यावर होत.

निवड झाली का, हे तुम्ही विचारणारच. झाली. मागच्या रांगेतली, खांबाआडची खुर्ची मिळाली. आजोबा आपली खाज दाखवायला आले तेव्हा खाज विसरून तेच सांगत बसले.

पण मला त्या बातमीपेक्षा चाचणीच्या आदल्या दिवशीची सकाळ जास्त आठवते. चिऊ एकटीच आली होती. रुमाल नव्हता. डाग होते, एक नवा मुरूमही होता, अगदी नाकाच्या शेंड्यावर, मुद्दाम मुहूर्त साधून आल्यासारखा. डॉक्टरांनी सवयीने मला तिच्या ओठांकडे ओढलं.

तिने मला दोन बोटांनी बाजूला सारलं.

"आज बघू नका, डॉक्टर. ऐका."

आणि तिने बासरी ओठांना लावली. पहिला सूर थोडा फाटला. तिने थांबून श्वास घेतला, परत धरला, आणि मग तो लांबत गेला. बाहेर बाकावरच्या रोग्यांची कुजबुज एकेक करून थांबली. डॉक्टरांनी हात पुढे केला आणि माझ्याभोवतीचा दिवा बंद केला. इतक्या वर्षांत रोगी समोर असताना त्यांनी तो कधीच बंद केला नव्हता. मला राग यायला हवा होता. पण मी तसाच अंधारात, तिच्या चेहऱ्याच्या बाजूला वाकून उभा राहिलो. काय दिसतंय ह्याची मला पहिल्यांदाच फिकीर नव्हती.

मित्रांनो, कपाटावर बसून मी तुम्हाला काय शिकवणार? पण जुन्या माणसांना आणि जुन्या वस्तूंना सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून सांगतो. तुमच्या कातडीला जे हवं ते आधी ताटात शोधा. बाटलीतलं हवंच असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, आणि घरातल्या सगळ्यांना सांगून घ्या. कुणी प्रेमाने 'बाकीच्यांना सांगू नकोस' म्हणत काही भरवू लागलं, तर त्याचा हात धरा आणि त्याला सगळ्यांच्या मधोमध आणून बसवा. नखांनी मुरूम फोडू नका.

आणि माझ्यासारखं एखादं भिंग हाताशी आलं तर एवढं ध्यानात ठेवा, की आम्ही पुळी डोंगराएवढी करून दाखवतो, पण तेवढ्यात तिच्यामागचं माणूस नजरेतून निसटतं. गरज असेल तेवढंच बघा. मग मऊ कापडाने पुसा आणि आम्हाला बाजूला ठेवा. त्याचं आम्हाला वाईट वाटत नाही.